समुद्राची उधारी : बुडालेल्या जहाजापाशी डायव्हिंग म्हणजे नेमकं काय

'आयएनएस गुलदार' ही नौदलाची नौका १२ जानेवारी २०२४ रोजी पोर्ट ब्लेअरला निवृत्त झाली. पोलंडमधल्या ग्दिनिया इथे बांधलेली ही नौका १९८५ साली नौदलात दाखल झाली होती. रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवायचे, हे तिचं काम. तिला भंगारात न काढता सिंधुदुर्गात, वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या निवती रॉकजवळ तळाशी बसवायची आणि पर्यटकांनी तिथे डायव्हिंग करायचं, अशी योजना जाहीर झाली. तेव्हापासून ओळखीचे लोक मला दोन प्रश्न विचारतात. जहाज बुडवून बघायचं काय? आणि आपल्याला जमेल का ते?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लोक चुकीच्या जागी शोधतात. खाली जायला धाडस लागतं, असं त्यांना वाटतं. खाली जायला फार काही लागत नाही, कमरेला शिसं बांधलं की माणूस जातोच. शिकायचं असतं ते वर येणं. ते का, हे एकदा कळलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. निवतीच्या कल्पनाचित्रांवरून हे समजवण्यापेक्षा साठ वर्षं पाण्याखाली असलेल्या एका खऱ्या जहाजापाशी जाऊ.

## तुलांबेनची लिबर्टी

बाली बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर तुलांबेन नावाचं गाव आहे. मागे आगुंग ज्वालामुखी, पुढे समुद्र, आणि किनाऱ्यावर वाळूऐवजी गोल गुळगुळीत काळे धोंडे. इथे किनाऱ्यापासून जेमतेम चाळीस-पन्नास पावलांच्या अंतरावर 'लिबर्टी' पहुडली आहे.

१९१८ साली अमेरिकेत बांधलेलं हे सुमारे १२५ मीटर लांबीचं मालवाहू जहाज. जानेवारी १९४२ मध्ये ते ऑस्ट्रेलियाहून फिलिपिन्सकडे रबर आणि रेल्वेचं सामान घेऊन निघालं होतं. ११ जानेवारीला लोम्बोकजवळ जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो त्याला लागला. एक अमेरिकन आणि एक डच विनाशिका त्याला दोरखंड लावून बालीतल्या सिंगराजा बंदराकडे ओढत नेऊ लागल्या, पण पाणी इतकं भरत होतं की वाटेतच तुलांबेनच्या किनाऱ्यावर त्याला चढवावं लागलं. म्हणजे हे जहाज तेव्हा बुडालंच नाही. एकवीस वर्षं ते किनाऱ्यावर गंजत पडलं होतं. १९६३ मध्ये आगुंगचा उद्रेक झाला. हजाराहून अधिक माणसं गेली, आणि त्याच हादऱ्यांनी लिबर्टी किनाऱ्यावरून घसरून पाण्यात गेली.

आता ती उतरत्या काळ्या वाळूवर कुशीवर पडली आहे. सर्वांत वरचा भाग पाच-सहा मीटरवर, सर्वांत खालचा साधारण तीस मीटरवर. त्यामुळे एकाच जहाजावर नवशिक्यालाही जागा आहे आणि जाणत्यालाही. गावातल्या बायका हवेची सिलिंडरं डोक्यावर घेऊन धोंड्यांवरून सराईतपणे चालत येतात, डायव्हर ती पाठीला बांधतात आणि लाटेची उसंत बघून पाण्यात चालत शिरतात. बोट लागत नाही.

## सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो

मराठी बातम्यांत हमखास 'ऑक्सिजन सिलिंडर लावून समुद्रात' असं छापून येतं. ते चूक आहे, आणि ही चूक साधी नाही. साध्या डायव्हिंगच्या सिलिंडरमध्ये तुम्ही-आम्ही आत्ता घेतोय तीच हवा असते, गाळून, कोरडी करून, दाबून भरलेली. साधारण ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन. शुद्ध ऑक्सिजन भरून कोणी खोल गेलं तर सहा-सात मीटरच्या खाली तोच ऑक्सिजन विषारी ठरू लागतो, झटके येऊ शकतात. पाण्याखाली झटका आला की तोंडातली नळी सुटते.

नेहमीचं सिलिंडर सुमारे ११ लिटरचं असतं आणि त्यात हवा दोनशे पट दाबून भरतात. म्हणजे मोकळी केली तर साधारण २,२०० लिटर. एका मोठ्या कपाटाएवढी हवा पाठीवर घेऊन माणूस जातो. तोंडात धरायच्या यंत्राला रेग्युलेटर म्हणतात. आजूबाजूच्या पाण्याचा जेवढा दाब असेल नेमक्या तेवढ्याच दाबाची हवा, श्वास ओढला की द्यायची, हे त्याचं काम. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यान यांनी हे यंत्र वापरण्याजोगं केलं आणि सामान्य माणसाला समुद्राखाली मोकळं फिरता आलं.

दाब नेमका तेवढाच का हवा? कारण पाणी छातीला चारी बाजूंनी दाबत असतं. लांब नळी पाण्याबाहेर काढून श्वास घेऊ, असं पोरांना वाटतं. मीटरभर खाली गेल्यावरच छाती फुगवता येत नाही. आतून तेवढाच रेटा देणारी हवा मिळाली तरच फुप्फुसं उघडतात.

## कुकरच्या शिट्टीएवढा दाब

आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो. त्या सगळ्या हवेचा जो भार आपल्यावर असतो, त्याला एक वातावरण दाब म्हणू. पाणी हवेपेक्षा इतकं जड की फक्त दहा मीटर पाण्याचा भार डोक्यावरच्या अख्ख्या आभाळाच्या भाराएवढा होतो. म्हणून दहा मीटरवर दाब दोन, वीसवर तीन, तीसवर चार.

दोन म्हणजे किती, हे घरात रोज दिसतं. शिट्टी होण्याच्या बेतातल्या प्रेशर कुकरच्या आत साधारण दोन वातावरणांचाच दाब असतो. लिबर्टीच्या वरच्या भागावर थोडं खाली उतरलं की तुम्ही दाबाच्या हिशेबाने कुकरमध्ये आहात. पूर्ण खाली गेलात की त्याच्या दुप्पट. तरीही काही दुखत नाही, कारण आपलं शरीर बहुतांश पाणी आहे आणि पाणी दबत नाही. दबते ती हवा. म्हणून त्रास होतो तो शरीरात जिथे हवा अडकलेली असते तिथे : कान, नाकामागच्या पोकळ्या, मास्कच्या आतली जागा, आणि फुप्फुसं.

आंबोली घाट उतरताना कानात दडे बसतात, आवंढा गिळला की सुटतात, हे सगळ्यांना माहीत आहे. तेवढाच दाबाचा फरक पाण्यात मीटरभरही न उतरता पडतो. म्हणून डायव्हर पहिल्या हातभरापासूनच नाक चिमटीत धरून हळूच फुंकर घालत कान मोकळे करतो, आणि दुखेपर्यंत थांबत नाही. सर्दी असेल तर त्या दिवशी डायव्हिंग रद्द. पैसे भरलेत, सुट्टी संपत आलीय, या सबबी कानाच्या पडद्याला कळत नाहीत.

खाली दाब वाढतो तसा हवेचा खर्चही वाढतो. पृष्ठभागावर माणूस मिनिटाला वीस लिटर हवा घेत असेल, तर तीस मीटरवर तेवढंच पोट भरायला ऐंशी लिटर लागते. २,२०० लिटरमधून राखीव पाव हिस्सा बाजूला ठेवला की तीस मीटरवर जेमतेम वीस मिनिटं उरतात. लिबर्टीवरच्या पहिल्या डाइव्हला मी हौसेने भराभर पाय मारत सगळीकडे हिंडलो, आणि माझ्याबरोबरचा माणूस निवांत तरंगत असताना माझ्या हवेचा काटा लाल पट्टीजवळ आला होता. पाण्याखाली धाप लागणं हाच मोठा खर्च. अनुभवी डायव्हर ओळखायचा तर त्याच्या पायांकडे बघा, जवळजवळ हलत नाहीत.

## उधारीचं खातं

आता मूळ गोष्टीकडे.

हवेतला नायट्रोजन आपल्याला लागत नाही. श्वासाबरोबर आत येतो, बाहेर जातो. पण दाब वाढला की तो रक्तात आणि मांसात विरघळत जातो. गोटी सोडा आठवा. बाटली बंद असते तोवर आत गॅस आहे हे दिसतही नाही. गोटी आत ढकलली की क्षणात फेस. गॅस नवा आलेला नसतो. दाबामुळे विरघळून बसलेला असतो, दाब सुटला म्हणून बुडबुडे होऊन बाहेर पडतो.

डायव्हरच्या अंगात हेच होतं. तीस मीटरवर वीस मिनिटं राहून तो सुसाट वर आला, तर बुडबुडे सांध्यांत, कण्यात, मेंदूतल्या नसांत होतात. याला डीकम्प्रेशन सिकनेस म्हणतात; डायव्हर 'बेंड्स' म्हणतात, कारण सांधेदुखीने माणूस वाकतो. खांदे-कोपर दुखण्यापासून पाय लुळे पडण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. उपाय म्हणजे रुग्णाला पोलादी खोलीत, रीकम्प्रेशन चेंबरमध्ये, पुन्हा दाबाखाली नेऊन ऑक्सिजनवर ठेवायचं आणि तासन्‌तास हळूहळू दाब उतरवायचा.

मला हे वाण्याच्या उधारीसारखं वाटतं. खाली असताना प्रत्येक मिनिट वहीवर मांडलं जातं. जितकं खोल तितका भाव चढा. दुकानातून बाहेर पडायच्या आधी फेडायचं, आणि एकदम फेडता येत नाही, हप्त्यानेच. शिवाय शरीरात एकच वही नसते. रक्ताची उधारी लगेच चढते, लगेच फिटते. चरबी आणि सांध्यांची सावकाश चढते आणि सावकाशच फिटते. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ साली हा हिशेब पहिल्यांदा कागदावर मांडला. त्याने शरीराची पाच खाती कल्पिली होती. सर्वांत चपळ खातं पाच मिनिटांत अर्धं भरतं, सर्वांत संथ खात्याला त्यासाठी पंचाहत्तर मिनिटं लागतात. आज मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर याच कल्पनेची सुधारलेली आवृत्ती दर काही सेकंदांनी मोजत असतो.

सुट्टीतल्या डायव्हिंगमध्ये उधारी इतकीच करायची असते की ती वाटेत न थांबता, सावकाश वर येताना फिटेल. त्याच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. एका प्रचलित तक्त्यात १८ मीटरवर ५६ मिनिटं, ३० मीटरवर २०, आणि ४० मीटरवर फक्त ९. चाळीस ही हौशी डायव्हरची शेवटची रेघ. वर येण्याचा वेग मिनिटाला नऊ-दहा मीटर, म्हणजे स्वतःच्या लहानात लहान बुडबुड्यांच्याही मागे राहायचं. आणि शेवटी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, याला सेफ्टी स्टॉप म्हणतात.

लिबर्टीचा उतार इथे कामाला येतो. आधी तळाशी जायचं, मग जहाजाच्या अंगाअंगाने बघत बघत वर सरकायचं, आणि शेवटी उथळ पाण्यात पोवळ्यांपाशी रेंगाळायचं. फेडीची तीन मिनिटं तिथे कधी संपतात कळत नाही.

आणखी एक दुष्परिणाम याच नायट्रोजनचा. तीस मीटरच्या आसपास तो डोक्यात चढू लागतो. दोन घोट घेतल्यासारखं होतं. कुणाला उगाच हसू येतं, कुणाला भीती वाटते, कुणी गेजवरचा आकडा बघतो आणि त्याचा अर्थच लागत नाही. चार-पाच मीटर वर आलं की लख्ख उतरतं. धोका हा की ज्याला चढलीय त्याला ती कळत नाही. सोबतीशिवाय खाली जाऊ नये या नियमाचं हे एक मोठं कारण आहे.

## आत शिरायचं का?

जहाजाच्या पोटातल्या अंधाऱ्या दाराकडे बघून पाय आपोआप तिकडे वळतात. साध्या प्रमाणपत्रावर त्याचं उत्तर 'नाही' असं आहे.

बाहेर असताना काही बिघडलं तर वर उघडं पाणी असतं. आत गेलं की डोक्यावर लोखंडी छत येतं. वर जायची वाट दाराकडून, आणि दार मागे. वर्षानुवर्षं साचलेला गाळ पिठासारखा बारीक असतो. पायातला एक फिन जोरात हलला की तो उठतो आणि हातातली बॅटरीसुद्धा दिसेनाशी होते. गंजलेली केबल पायात अडकते. जहाज कुशीवर असेल तर भिंत जमीन झालेली असते, दारं छताला. दिशाभूल व्हायला एवढं पुरे. म्हणून आत जाणारे वेगळं प्रशिक्षण घेतात, दारापासून दोर सोडत जातात आणि हवेचे तीन वाटे करतात : एक जायला, एक यायला, एक अडचणीला.

मोडकी लिबर्टी बऱ्याच ठिकाणी इतकी उघडी पडली आहे की तिच्या फासळ्यांमधून पोहताना दोन्हीकडे निळा उजेड दिसत राहतो. अशा जागी आत-बाहेर हा भेदच उरत नाही. मुद्दाम बुडवायच्या जहाजांना म्हणूनच आधी मोठाली भगदाडं पाडतात, दारं काढून टाकतात.

## लोखंडावर बाग कशी फुलते

उष्ण कटिबंधातला समुद्र सुपीक असतो हा गैरसमज. त्या निळ्याशार पाण्यात खत कमी असतं, म्हणून तर ते इतकं नितळ. आणि तळाशी मैलोन्‌मैल वाळू. वाळूवर पोवळं रुजत नाही, कारण वाळू हलते. पोवळ्याचं पिल्लू पाण्यात तरंगत फिरतं आणि टेकायला टणक जागा शोधतं. जहाज म्हणजे अशी जागा. माळरानावर एकच वड असावा आणि पंचक्रोशीतली पाखरं त्यावरच यावीत, तसं.

आधी जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो, काही दिवसांतच. मग शेवाळ, मग बोटीच्या बुडाला धरतात तसले शिंपले, स्पंज, मऊ पोवळी. दगडी पोवळी सर्वांत शेवटी, वर्षांच्या हिशेबाने. या सगळ्यावर चरणारे छोटे मासे येतात, त्यांच्यावर टपणारे मोठे येतात. प्रवाह जहाजाच्या अंगावर आपटून वळतो, तिथे तरंगतं खाद्य गोळा होतं आणि रुपेरी माशांचे थवे त्या वळणावर भोवऱ्यासारखे फिरत राहतात. लिबर्टीवर डोक्याला टेंगूळ असलेले भलेमोठे पोपट मासे रात्री वस्तीला येतात. पहाटे अंधार असताना उतरलं तर ते उठून कळपाने निघताना दिसतात. ते दृश्य मी आयुष्यभर विसरणार नाही. लाल रंग पाच-सहा मीटरवरच विझतो, त्यामुळे खाली सगळं निळसर राखाडी वाटतं. मग कोणी बॅटरी लावतो आणि राखाडी वाटणारी तुळई शेंदरी-जांभळी होऊन समोर येते.

## मग कुठलंही भंगार टाका की समुद्रात!

हे करून झालंय. १९७२ मध्ये फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलजवळ सुमारे वीस लाख जुने टायर एकत्र बांधून 'कृत्रिम प्रवाळ' म्हणून समुद्रात टाकले. बांधलेल्या पट्ट्या गंजून तुटल्या. टायर वादळात घरंगळत शेजारच्या खऱ्या पोवळ्यांवर आपटू लागले. ते बाहेर काढण्याचं काम पुढे कित्येक वर्षं चाललं.

जहाजाचंही तसंच. त्यातलं तेल, ग्रीस, जुन्या केबलवरची विषारी आवरणं, ॲस्बेस्टॉस, बुडाला लावलेला जंतुनाशक रंग, हे सगळं निघाल्याशिवाय ते समुद्रात गेलं तर तो कचराच. खर्च खरा सफाईचा असतो. बुडवणं हीसुद्धा सोपी गोष्ट नाही. २००२ मध्ये फ्लोरिडातच 'स्पीगल ग्रोव्ह' हे नौदलाचं जुनं जहाज ठरल्या वेळेआधीच बुडालं आणि उलटं पडलं. पुढे महागडी खटपट करून ते कुशीवर आणलं, आणि २००५ च्या चक्रीवादळाने ते सरळ उभं केलं. दीडशे मीटरचं जहाज हलवणारी ताकद समुद्रात आहे, हे कोकणात मान्सूनच्या तोंडावर जहाज बसवताना डोळ्यांसमोर असायला हवं.

सर्वांत सूक्ष्म आक्षेप लोखंडाचा आहे. पॅसिफिकमधल्या पाल्मायरा बेटाजवळ १९९१ मध्ये एक मासेमारी जहाज बुडालं. तिथल्या पाण्यात लोह जवळजवळ नव्हतं. गंजातून ते मिळताच पोवळ्यांचा एक आक्रमक नातलग माजला आणि आजूबाजूची निरोगी पोवळी त्याने झाकून टाकली. शेवटी ते जहाज तुकडे करून काढावं लागलं. म्हणून जहाज खऱ्या पोवळ्यांवर किंवा त्यांच्या शेजारी कधी ठेवायचं नाही, उघड्या वाळूवर आणि दूर ठेवायचं. नद्यांचा गाळ येणाऱ्या कोकणच्या पाण्यात लोहाची अशी चणचण नाही, पण मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून याच जिल्ह्यात आहे, निवती-वेंगुर्ल्याच्या खडकांवर पाकोळ्यांच्या वसाहती आहेत. जागा निवडताना हे आधी बघायचं.

## मासे वाढतात की नुसते गोळा होतात?

मच्छीमारांचा हा प्रश्न शास्त्रज्ञांचाही आहे, आणि त्याचं एकच उत्तर नाही. लपायला जागा मिळाल्यामुळे लहान पिल्लं जगली तर मासळी वाढते. पण आजूबाजूला पसरलेले गोबरे आणि तांबोशी एका जागी जमले आणि तिथेच गळ-जाळी पडू लागली, तर उलट ती लवकर संपते. म्हणजे फरक पडतो तो त्या जागेवर मासेमारीचे काय नियम आहेत यामुळे. जहाजात जाळी अडकून फाटतात, हे तर कोकणातल्या कुठल्याही तांडेलाला सांगावं लागत नाही. फाटून अडकलेलं जाळं पुढे महिनोन्‌महिने मासे मारत राहतं, आणि डायव्हरलाही अडकवतं. म्हणून जागा, तिची सीमा आणि पर्यटनाच्या उत्पन्नातला वाटा हे तीन विषय मच्छीमार सोसायट्यांशी बोलून ठरायला हवेत, आणि जहाज तळाला टेकायच्या आधी. माझं मत विचाराल तर, परवाना पहिल्यांदा तिथल्याच तरुणांना मिळावा. पाण्याचा रंग बघून प्रवाह सांगणारी माणसं बाहेरून आणता येत नाहीत.

## पण ती कबर नाही का?

काही जहाजं आहेतच. आपल्याकडे 'रामदास' बोट म्हटलं की अजून जुनी माणसं गप्प होतात. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला जाताना ती बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. पॅसिफिकमधल्या 'चूक' नावाच्या बेटांच्या खाजणात १७ आणि १८ फेब्रुवारी १९४४ ला अमेरिकन विमानांनी जपानची डझनावारी जहाजं बुडवली. त्यांतल्या काहींत खलाशांचे अवशेष अजून आहेत. ऑस्ट्रेलियात 'योंगाला' १९११ च्या चक्रीवादळात १२२ जणांसह गेली. तिच्याभोवती पोहायला परवानगी आहे, आत जायला कायद्याने बंदी. मला हा तोडगा योग्य वाटतो.

काहीही उचलायचं नाही, हा नियम मात्र सगळीकडे सारखा असावा. गोव्यात सेंट जॉर्ज रीफजवळ राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना एक बुडालेलं जहाज सापडलं. त्याच्या कौलारू मालावर 'बाझेल मिशन टाइल वर्क्स १८६५' असा ठसा होता. तेवढ्या ठशावरून ते जहाज त्या सालाच्या आधी बुडालेलं नाही, हे ठरलं. ते कौल कोणी आठवण म्हणून दिवाणखान्यात नेऊन ठेवलं असतं, तर जहाज मुकं झालं असतं.

## तारकर्लीत तर पोहता न येणारेही करतात!

करतात. प्रशिक्षक पूर्ण वेळ धरून असतो, खोली पाच-सात मीटर, फोटो निघतो, वीसेक मिनिटांत वर. समुद्राखाली पहिल्यांदा श्वास घेण्याचा तो आनंद खरा आहे आणि मी तो कुणाचा हिरावून घेणार नाही. पण त्याला जहाजावर जायची पात्रता समजू नये. पहिलं प्रमाणपत्र तीन-चार दिवसांचं असतं, वय किमान दहा, त्यात पोहण्याची परीक्षा असते आणि १८ मीटरपर्यंत जाता येतं. तीस मीटरसाठी पुढचं शिक्षण.

उथळ पाणी म्हणजे सुरक्षित पाणी, हेही अर्धसत्य. उधारी तिथे फार होत नाही, खरं. पण वर येताना हवा फुगते आणि सर्वांत जास्त फुगते ती शेवटच्या दहा मीटरांत, कारण तिथे दाब दोनावरून एकावर, म्हणजे निम्म्यावर येतो. घाबरून श्वास रोखून धरला आणि तसाच वर उसळलं, तर फुप्फुसं फाटू शकतात, आणि हे काही मीटरांतही होतं. बोटीवर कोणी दुसरं काही शिकवो न शिकवो, 'श्वास कधीही रोखायचा नाही' हे बजावलं नसेल तर खाली बसून घ्या आणि उतरू नका. सिलिंडर किती वेळा तपासलं, बोटीवर प्रथमोपचाराचा ऑक्सिजन आहे का, चेंबर किती तासांवर आहे, हेही विचारा. चांगला माणूस या प्रश्नांनी रागावत नाही.

आणि निवतीला तुलांबेनची निळाई शोधू नका. आपला समुद्र वेगळा. पावसाळ्यात तो बंदच, इतर वेळीही नद्यांच्या गाळामुळे अनेकदा काही मीटरच दिसतं. जहाज अंधुकातून एकदम समोर उभं राहतं, तेही बघण्यासारखं असतं.

## त्याच संध्याकाळी घरी निघालं तर?

पाण्याबाहेर आलात तरी खातं बंद झालेलं नसतं. संथ वह्यांतला नायट्रोजन काही तास अंगात राहतो. आता जर हवेचाच दाब कमी झाला, म्हणजे तुम्ही उंचावर गेलात, तर बाटलीची गोटी पुन्हा एकदा दाबल्यासारखं होतं. म्हणून विमानाचा नियम आहे : एका साध्या डाइव्हनंतर किमान बारा तास, एकाहून अधिक डाइव्ह किंवा अनेक दिवस डायव्हिंग केलं असेल तर किमान अठरा. गोव्यातल्या मोपाच्या विमानाचं तिकीट काढताना लोक हे बघतील, अशी आशा आहे.

पण वेंगुर्ल्याहून कोल्हापूर-बेळगावकडे गाडीने परतणारे हा विचार करणार नाहीत, आणि तिथेच माझा जीव अडकतो. विमानप्रवासाचे हे नियम सहाशे मीटरपासूनच्या उंचीला लागू धरतात. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. सकाळी जहाजावर दोन खोल डाइव्ह, दुपारी बांगड्याचं तिखलं-भात, आणि चारला निघून साडेपाचला आंबोलीत चहा, हा बेत ऐकायला किती छान वाटतो. त्या दिवशी खांदा दुखायला लागला तर माणूस म्हणेल, सिलिंडर उचललं होतं ना, त्याचं असेल. मुक्काम वेंगुर्ल्यातच करा. घाट दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर चढा.